वहिनीला जाऊन वर्ष होईल, मुलांना त्यांची आई कशी सांगू?

भायखळ्याची आत्या

जय ख्रिस्त, नमस्कार सगळ्यांना. इथे मी नेहमी नुसती वाचत असते, आज लिहितेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझी वहिनी, म्हणजे सख्ख्या मोठ्या भावाची बायको, मागच्या पावसाळ्यात प्रभूकडे गेली. ३६ वर्षांची होती. ब्रेस्ट कॅन्सर. मागे दोन मुलं, मोठी मुलगी आता १० ची आणि धाकटा साडेचारचा. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून भायखळ्यात. वहिनी श्रीरामपूरची.

धाकटा अंगावर पीत होता तेव्हाच तिला काखेच्या बाजूला गाठ हाताला लागली. डॉक्टरांना दाखवली तर म्हणाले दूध साठलंय, शेक द्या, बाळाला त्याच बाजूने जास्त पाजा. चार-पाच महिने त्यात गेले. मग परळला बायोप्सी झाली आणि ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत असा कॅन्सर, म्हणून रिपोर्ट आला. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, मधे एक वर्ष फार चांगलं गेलं, केस परत आले, ती संडे स्कूलला परत शिकवायला लागली, आम्हाला वाटलं सुटलो. मग खोकला सुरू झाला आणि फुप्फुसात निघालं.

आता मुद्द्यावर येते. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, तिची स्मरण उपासना आहे आणि दादा म्हणतो की तूच तिच्याविषयी बोल, एक छोटी पुस्तिका पण छापू, तिची साक्ष म्हणून, म्हणजे ती विश्वासात कशी जगली ते, मुलं मोठी झाली की वाचतील. मी लिहायला बसते आणि जे लिहिते ते सगळं कुठल्याही चांगल्या बाईबद्दल चालेल असं होतं. प्रार्थनाशील, प्रेमळ, हसतमुख, शेवटपर्यंत विश्वासात स्थिर. खोटं त्यात काहीच नाहीये पण वाचून ती डोळ्यासमोर येत नाही.

ती कशी होती सांगते. मुलांच्या वह्यांना कव्हर घालताना कोपरा वाकडा आला तर काढून परत घालायची. कांदा महाग झाला की भाजीवाल्याशी भांडायची आणि मग त्याच्या बायकोचं बाळंतपण झालं तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन गेली. रात्री मुलांना घेऊन प्रार्थना करायची, त्यात प्रत्येकाने आज कशाकशासाठी देवाचे आभार ते सांगायचं, धाकटा तेव्हा जेमतेम बोलायला लागलेला, तो रोज एकच म्हणायचा, "लाल बस", कारण आमच्या खिडकीतून बेस्टची बस दिसते, आणि वहिनी गंभीरपणे "प्रभो, लाल बससाठी तुझे आभार" म्हणून आमेन करायची. केमोच्या आठवड्यात तोंडात सगळीकडे फोड आलेले असायचे, पाणी गिळताना डोळ्यात पाणी यायचं, तरी हे चुकलं नाही, आवाज निघत नसेल तर मुलीला म्हणायची आज तू चालव.

आणि तिची एक वही आहे, साधी फुलस्केप. त्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. बिल्डिंगच्या वॉचमनचा गुडघा, शेजारच्या मुलाची दहावी, केमोला शेजारच्या खुर्चीवर बसणारी बीडची बाई. काम झालं की पुढे बरोबरची खूण. पण त्याच वहीत एक पान आहे, दुसऱ्यांदा निघालं त्या आठवड्यातलं. तिथे तिने लिहिलंय की प्रभो मला तुझा राग आलाय, मला माझी मुलं वाढवायची आहेत, तू ऐकतोयस का. आणि त्याच्या खाली परत नेहमीसारखी नावं, बीडच्या बाईपासून.

हे पान फक्त मी आणि दादाने पाहिलंय. दादा म्हणतो ते पान काढून ठेव, लोकांना वाटेल शेवटी तिचा विश्वास डळमळला, मुलांनी पण कशाला वाचायचं. मला ते काढवत नाही.

दुसरं म्हणजे मुलगी. मातीच्या दिवशी शिवडीच्या कबरस्तानात कोणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालं की तुझी आई देवाची फार लाडकी होती म्हणून देवाने लवकर बोलावून घेतली. तिने ते ऐकून घेतलं. तेव्हापासून ती प्रार्थना करत नाही. चर्चला येते, माझ्या बाजूला बसते, गाण्याचं पुस्तक उघडत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, आत्या, मला देवाची लाडकी नाही व्हायचं, आणि आईने रोज सगळ्यांसाठी मागितलं, सगळ्यांचं झालं, तिचं का नाही केलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि धाकटा मला मम्मी म्हणायला लागलाय. सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं, आता सगळ्यांसमोर म्हणतो. त्याला तिचा चेहरा फोटोत ओळखता येतो, बाकी काही आठवत असेल असं वाटत नाही. तिचे व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर व्हॉइस मेसेज आहेत, ते त्याला ऐकवू की नको हेही कळत नाही.

ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सांगा. काय लिहू, काय ठेवू, आणि या दोघांशी काय बोलू.

वसईची माय

ताई, मी कॅथलिक, वसईची, आता लग्न होऊन अंधेरीला. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली, तिला पण कॅन्सरच, पोटाचा. म्हणून तुमच्या धाकट्याच्या बाजूने लिहिते.

माझ्याकडे आईचं काय आहे तर एक फोटो, लुगडं नेसलेला, आणि तिच्याबद्दल सगळ्यांनी सांगितलेलं एकच वाक्य, की ती देवमाणूस होती. चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. मला कोणी सांगितलं नाही की ती कशावर चिडायची, तिला मासळीत काय आवडायचं, ती मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, जाताना घाई करायची की उशिरा पोचायची. माझ्या मुलीला कुरळे केस आहेत, ते आईचे का हे विचारायला आता कोणी उरलं नाही. देवमाणसाची लेक म्हणून वाढताना मला फार एकटं वाटायचं कारण मी चिडकी होते, आणि मला वाटायचं मी तिच्यावर गेलेच नाही. लग्नानंतर एका म्हातारीने सांगितलं की तुझी आई विहिरीवर अशी भांडायची की बाकीच्या बायका बादल्या घेऊन बाजूला व्हायच्या. त्या रात्री मी आनंदाने रडले.

म्हणून तुम्ही जे वर लिहिलंय ना, वह्यांचं कव्हर, भाजीवाला, लाल बस, तेच छापा. अजून काय लिहायचं शोधताय? लिहून झालंय तुमचं. आणि पुस्तिकेसाठी नुसते तुम्ही नका लिहू, जे जे तिला ओळखत होते त्यांच्याकडून एकेक गोष्ट मागा, पण सांगा की विशेषणं नकोत, एक घडलेली गोष्ट सांगा. भाजीवाल्याला पण विचारा.

मम्मीबद्दल. माझ्या मावशीने मला वाढवलं आणि मी तिला आईच म्हणायचे, तिने कधी ओरडून थांबवलं नाही, पण रोज झोपताना ती म्हणायची तुला दोन आया आहेत, एक मी आणि एक जिने तुला जन्म दिला, आणि फोटोकडे बोट दाखवायची. मला त्यात कधीच गोंधळ वाटला नाही. तुम्ही आत्या आहात तर तुम्हाला जे बरं वाटेल ते करा, फक्त त्याला मम्मी म्हटल्याबद्दल कोणी रागावू नका. त्याला तो शब्द कोणासाठी तरी लागतो.

आवाज तर जपाच जपा. आत्ताच्या आत्ता फोनमधून काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा. वहिनीचं सिम रिचार्ज केलं नाही तर काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅप १२० दिवस वापरलं नाही तर ते अकाउंटच काढून टाकतात. तुमच्या, दादाच्या, तिच्या माहेरच्यांच्या फोनमधे जे जे असेल ते गोळा करा. माझ्या आईचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही ताई. बाकी सगळ्याची सवय झाली, याची नाही झाली.

आमच्यात वर्षाची मिस्सा असते आणि २ नोव्हेंबरला सगळे कबरीवर मेणबत्त्या लावायला जातो, मुलांना फुलं रचायला देतो, त्यांना काहीतरी हाताने करायला मिळतं. तुमच्याकडे पद्धत वेगळी असेल पण मुलांना घेऊन जा.

परळची सिस्टर

कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं काढलेली नर्स आहे, ख्रिस्ती नाही पण त्याने फरक पडत नाही. तीन-चार गोष्टी आहेत ज्या कोणी सांगत नाही म्हणून लिहिते.

आधी धाकट्याचं. ताई, तुम्ही लिहिलंय की तो अंगावर पीत असताना गाठ लागली. आज ना उद्या कोणीतरी त्याच्यासमोर बोलणार की "ह्याच्या वेळेला झालं तिला". मी हे वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकलंय. तो मोठा होऊन ते डोक्यात धरून बसेल. म्हणून घरातल्या सगळ्यांना आत्ताच ठणकावून सांगा की बाळाला पाजण्याने कॅन्सर होत नाही, उलट जी बाई अंगावर पाजते तिचा ब्रेस्ट कॅन्सरचा धोका थोडा कमीच होतो. गाठ होणारच होती, ती पाजण्याच्या काळात हाताला लागली एवढंच. आणि त्या काळात छाती तशीच जड, गाठी-गाठीची असते म्हणून उशिरा कळतं. इथे वाचणाऱ्या बायांनो, पाजत असताना कुठलीही गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करून मागा. पाजताना सोनोग्राफी चालते, बायोप्सीसुद्धा चालते. दूध साठलंय म्हणून सांगितलं तरी मागा.

मुलीशी बोलताना शब्द सरळ वापरा. आई कॅन्सरने मेली. झोपली, देवाघरी फिरायला गेली, प्रवासाला गेली असं धाकट्याला सांगू नका, लहान मुलं शब्दशः घेतात आणि मग झोपायला घाबरतात किंवा दारात वाट बघत बसतात. कॅन्सर कोणाच्या चुकीने होत नाही, एकमेकांना लागत नाही, आणि तू काही केलंस किंवा नाही केलंस म्हणून झालं नाही, ही तीन वाक्यं दहा वर्षांच्या मुलीला पुन्हा पुन्हा सांगावी लागतात. तिच्या डोक्यात "मी त्या दिवशी उलट बोलले होते" असं काहीतरी असेलच, सगळ्या मुलांच्या असतं.

आवाज ऐकवायचा का, तर मुलांना विचारा. आता ऐकायचंय का, एवढंच. नको म्हणाली तर ठेवून द्या, पण आहे हे त्यांना माहीत असू दे.

आता एक वैद्यकीय गोष्ट, ही सोडू नका. वहिनी तरुण होती आणि ट्रिपल निगेटिव्ह होता. अशा वेळी बीआरसीए नावाच्या जीन्सची तपासणी करतात, त्यांच्यात दोष असला की हा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. तिची झाली होती का? फाइलमधे बघा. जर त्यात दोष असेल तर तो आई किंवा वडील कोणाकडूनही येऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. वहिनीला बहिणी असतील तर त्यांना हे माहीत असायला हवं. मुलांची तपासणी लहानपणी करत नाहीत, ती अठराच्या पुढची आणि तेव्हा त्यांनीच ठरवायची गोष्ट, म्हणून तिची पूर्ण फाइल, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, जीन्सचा असेल तर तो, हे सगळं त्या वहीइतकंच जपून ठेवा. वीस वर्षांनी तिच्या मुलीचा डॉक्टर मागेल. तुम्ही नणंद, रक्ताचं नातं नाही, तुम्हाला त्यामुळे काही नाही.

आणि स्मरण उपासनेला बायका जमणारच आहेत तर दोन मिनिटं याच्यावर पण बोला. टाटा हॉस्पिटलने मुंबईतल्या वस्त्यांमधे दीड लाखाच्या वर बायकांवर २० वर्षं अभ्यास केला, २०२१ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने छाती तपासली, मशीन नाही काही नाही, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमधे तसा फायदा दिसला नाही, म्हणून वहिनीच्या वयाच्या बायांनी कुठल्या शिबिराची वाट बघायची नाही, हाताला काही लागलं की उठून जायचं.

निवृत्त पाळक

प्रिय बेटी, सलाम. मी मराठी मंडळ्यांमधे पाळकीय सेवा केली, आता निवृत्त आहे, कल्याणला राहतो. तुझं पत्र दोनदा वाचलं.

"देवाची लाडकी म्हणून नेली" हे वाक्य शास्त्रात कुठेही नाही. लोकांना गप्प राहवत नाही म्हणून ते बोलतात, मन वाईट नसतं, पण लहान मुलाला त्यातून असा देव दिसतो जो आवडती माणसं पळवतो. तुझ्या भाचीने त्या देवाला नकार दिला. मी म्हणेन तिने बरोबर केलं. तिला सांग की एका म्हाताऱ्या पाळकानेसुद्धा असं म्हटलंय, की तो देव आमचा नाही. लाजर मेला तेव्हा प्रभू येशू कबरीजवळ रडला. त्याला ठाऊक होतं की तो लाजराला उठवणार आहे, तरी रडला, मार्था-मरियेला त्याने असं नाही सांगितलं की तुमचा भाऊ देवाचा लाडका होता.

त्या पानाविषयी. तुझ्या दादाची भीती मला समजते, मंडळीत चार तोंडं असतात. पण स्तोत्रसंहिता उघडून त्याच्यासोबत बस. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी तक्रारीची आहेत, कुठवर, का, तू तोंड का लपवतोस. बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास", आणि तेच शब्द वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आले हे त्याला माहीत आहे, संडे स्कूलमधे शिकलाय तो. तुझ्या वहिनीने जे लिहिलं ते त्याच रांगेतलं आहे. जी बाई देवाला म्हणते तू ऐकतोयस का, ती अजून त्याच्याशीच बोलतेय. आणि खाली परत नावं लिहिली. मी आयुष्यात पुष्कळ साक्षी ऐकल्या, याच्याइतकी खरी फार थोडी.

मुलीला प्रार्थनेची सक्ती नको. तिने पुस्तक उघडलं नाही तर तू तुझं उघडून तिला दिसेल असं धर आणि गा. ती येतेय, बसतेय. मंडळी असते कशासाठी, ज्याला आज प्रार्थना करवत नाही त्याच्या वाटची बाकीच्यांनी करायची. आणि ती विचारेल "आईचं का नाही केलं" तर म्हण मला माहीत नाही. मी स्वतः कित्येक घरांमधे हेच उत्तर दिलंय, आणि मग तिथेच बसून राहिलोय, चहा होईपर्यंत, कधी संध्याकाळ होईपर्यंत.

एक रीतीची गोष्ट. आपल्याकडे स्मरण उपासना ही मृताच्या आत्म्यासाठी नसते, देवाने तिच्याद्वारे आपल्याला जे दिलं त्याच्या उपकारस्तुतीची असते. तेव्हा लाल बससाठीचे आभार हे तिथे अगदी शोभेल. धाकट्याला म्हणू दे.

लालबागची काकू

मी हिंदू, पण माझी सख्खी मैत्रीण तुमच्यातली होती म्हणून लिहितेय. आम्ही एकाच मजल्यावर. ती आजारी पडली तेव्हा मी वांद्र्याला मोतमाउलीला जाऊन मेणाची बाहुली वाहून आले, ती म्हणाली अगं आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात हे नसतं, आणि मग माझा हात धरून बसली. शेवटचे आठवडे ती तिथेच जवळ शांती आवेदना सदनमधे होती, माउंट मेरीच्या रस्त्याला. भारतातलं पहिलं हॉस्पिस ते, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटला सांभाळतात ती जागा, १९८६ चं, कुठल्याही धर्माचा पेशंट घेतात, पैसे घेत नाहीत. तिथल्या सिस्टर लोकांनी तिची वेणी घालून दिली होती रोज. केस थोडेसेच आले होते पण तेवढ्याची.

मला एवढंच म्हणायचंय की तिच्या वर्षाच्या उपासनेला आम्ही चाळीतल्या बायका गेलो आणि मागच्या बाकावर बसलो, कधी उठायचं कधी बसायचं कळत नव्हतं, आणि आमच्यातल्या कोणालाच बोलायला बोलावलं नाही. सगळं मंडळीतलेच बोलले, वचनं वगैरे, चांगलंच बोलले. पण ती रोज दुपारी आमच्यात बसून निवडायची, टिपायची, आमच्या सुनांची भांडणं सोडवायची, गणपतीत आमच्या मुलांना सांभाळायची म्हणजे आम्हाला आरतीला जाता यायचं, हे तिच्या मुलांना कोणी सांगितलंच नाही. तुमच्या वहिनीच्या शेजारणी असतील त्यातल्या एकीला तरी पुढे बोलवा. आधीपासून सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही.

चर्चगेट लोकल

सगळ्यांशी सहमत पण एका गोष्टीत नाही. ते पान उपासनेत वाचून दाखवू नका आणि पुस्तिकेत पण छापू नका. लपवण्यासाठी म्हणून नाही म्हणत. तिने ते देवाला लिहिलं होतं, आपल्याला नाही. दोनशे लोकांसमोर वाचलं की उद्या कोणीतरी त्याच्यावर प्रवचन करणार, मग ते पान तिचं राहणार नाही. मुलीला द्या, एकटीला, केव्हा ते तुम्ही ठरवा. माझी बायको ३९ व्या वर्षी गेली, तिच्या डायरीतलं असंच काहीतरी मी श्रद्धांजलीच्या पोस्टमधे वाचलं, कोणीतरी भाबडेपणाने टाकलं होतं, चांगल्या मनाने, आणि ते मला आजही सहन होत नाही.

आणि शिवडीचं एक. कबर कायमची आहे का तुमची? मुंबईत जागा नाही म्हणून कायमची फार थोड्यांना मिळते, बाकीच्यांचे अवशेष काही काळाने काढून कोनाड्यात ठेवतात आणि त्या जागी दुसरं कोणी येतं. मुलांना फुलं घेऊन नेणार असाल तर आधी ऑफिसमधे चौकशी करून ठेवा आणि मुलीला आधीच समजावून सांगा. माझ्या मुलाला नेलं आणि दगडावर दुसरंच नाव होतं.

निवृत्त पाळक

वरच्या भावाचं म्हणणं मला मान्य आहे. पान मुलीचं.

भायखळ्याची आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. वसईच्या ताई, तुमचं वाचून मी त्याच रात्री सगळ्यांचे फोन गोळा केले, श्रीरामपूरहून पण आवाज मागवले, तिच्या आईच्या फोनमधे तर एक आठ मिनिटांचा निघाला, त्यात ती पूर्ण वेळ पुरणपोळीबद्दल बोलतेय आणि मधेच मुलीला ओरडतेय की पंखा बंद कर. पेन ड्राइव्हवर घातलं, एक दादाकडे, एक माझ्याकडे, एक तिच्या माहेरी.

दादाशी बोलणं झालं. पाळकसाहेब, तुमचा रिप्लाय त्याला तसाच वाचायला दिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की त्या आठवड्यात मी पण देवाशी भांडत होतो पण तिला वाटू नये म्हणून हसत होतो, आणि ती मला वाटू नये म्हणून हसत होती. माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते, इतकं एका दमात तो कधी बोलत नाही. पान वहीतच राहणार, छापणार नाही, उपासनेत वाचणार नाही.

मुलीला वही दाखवली. मी ठरवलं होतं अजून एक-दोन वर्षं थांबू पण तिनेच विचारलं की आईची वही कुठेय. मी म्हटलं त्यात एक पान आहे ज्यात आई देवावर रागावली आहे, तुला वाचायचंय का. तिने वाचलं. मला विचारलं, मग देव तिच्यावर रागावला का? मी म्हटलं नाही. मग तिने खालची नावं वाचली आणि विचारलं ही बीडची बाई बरी झाली का. मला माहीत नव्हतं. तिच्या नावापुढे बरोबरची खूण नाहीये. तर आता तिला ती शोधायचीय. केमोच्या काळात वहिनीच्या फोनमधे तिचा नंबर असणार, मी शोधतेय. प्रार्थना अजून करत नाही, आणि मी विचारणार पण नाही. रात्री ती धाकट्याला घेऊन बसते तेवढं सुरू झालंय, तो बोलतो आणि ही ऐकते.

मम्मीचं असं ठरवलं की तो म्हणू दे. मी त्याला सांगते आत्या-मम्मी. त्याला आवडलंय. आवाज ऐकवला तर त्याने फक्त विचारलं की ही कुठून बोलतेय, मी सिस्टर ताईंनी सांगितलं तसं सरळ सांगितलं, की आई मेली, हा आवाज आधीचा आहे. तो म्हणाला परत लाव. पंख्याचं आलं की हसतो.

काकू, शेजारच्या वैनींना विचारलंय, त्या बोलणार आहेत. आधी नको म्हणाल्या की मला ख्रिस्ती लोकांसारखं बोलता येत नाही, मग म्हणाल्या मी लाडवांचं सांगू का. मी म्हटलं तेच सांगा.

शिवडीच्या ऑफिसमधे दादा जाऊन आला. आमची कायमची नाहीये. मुदत संपायच्या आत कळवतील म्हणाले. मुलीला अजून सांगितलं नाहीये, उपासना होऊ दे मग दादा सांगेल.

आता सिस्टर ताई तुम्हाला विचारायचंय. फाइल पूर्ण काढली, जीन्सची तपासणी लिहून दिलेली दिसते पण रिपोर्ट नाहीये, बहुतेक तेव्हा पैशाच्या ओढाताणीत राहून गेली. वहिनीला एक धाकटी बहीण आहे, ३१ ची, श्रीरामपूरलाच, तिला एक मुलगा. ती घाबरलीय पण यायला तयार आहे. पेशंटच नसेल तर आता काय करायचं, आणि तिने कुठे दाखवायचं?

परळची सिस्टर

वहिनीच्या बायोप्सीचे किंवा ऑपरेशनचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, जिथे पॅथॉलॉजी झाली तिथे ठेवलेले असतात, त्यावर तपासणी होऊ शकते का ते विचारता येतं, पण जमेलच असं नाही. नाही जमलं तरी बहिणीची स्वतःची रक्ततपासणी होते. फक्त एक लक्षात ठेवा, वहिनीचा रिपोर्ट नसताना बहिणीचा "काही नाही" असा आला तर तेवढ्यावर पूर्ण निश्चिंत होता येत नाही, म्हणून आधी समुपदेशन करून घ्यायचं आणि मगच रक्त द्यायचं. टाटामधे कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे, तिथे न्या. येताना वहिनीची फाइल, ब्लॉकचा नंबर पॅथॉलॉजी रिपोर्टच्या वरच्या बाजूला असतो तो, आणि माहेरच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे तिच्या आईकडे आणि वडिलांकडे, कोणाकोणाला कुठला कॅन्सर झाला आणि कितव्या वर्षी, हे कागदावर लिहून आणा. बायकांचंच नाही, काका-मामांचं पण. म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या. आणि तिला म्हणावं सकाळी लवकर या, गर्दी असते, सोबत डबा ठेवा.